मार्लीच्या व्हॅनमधला शाळकरी छायाचित्रकार

जमैकाचा गायक बॉब मार्ली ११ मे १९८१ रोजी अमेरिकेतल्या मायामी शहरात कर्करोगाने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे ३६ होते. जमैकाबाहेर त्याचे नाव झाले १९७३ पासून, आणि शेवटचा कार्यक्रम झाला सप्टेंबर १९८० मध्ये. म्हणजे जगाने त्याला पाहिले ते जेमतेम साडेसात वर्षे. तो काळ म्युझिक व्हिडिओचा नव्हता. दूरचित्रवाणीवर त्याचे दर्शन क्वचित होई. मार्ली कसा हसायचा, कसा नाचायचा, कार्यक्रम नसेल तेव्हा काय करायचा, हे आज कळते ते मुख्यतः स्थिर छायाचित्रांमधून. ही छायाचित्रे काढणारी, त्याच्या जवळ वावरलेली माणसे फार नाहीत. एस्थर अँडरसन, एड्रियन बूट, केट सायमन, डेव्हिड बर्नेट, किम गॉटलिब-वॉकर आणि डेनिस मॉरिस ही त्यांतली ठळक नावे.

या यादीत मॉरिसची जागा वेगळी आहे. बाकीचे मार्लीला भेटले तेव्हा कमावते, जाणते होते. मॉरिस शाळेत जात होता. पुढची सात-आठ वर्षे तो मार्लीचे फोटो काढत राहिला, आणि मार्ली गेल्यानंतर गेली चार दशके तो त्याच्याविषयी बोलत आला आहे. त्याच्या आठवणी बहुतेक प्रेमाच्या आहेत, पण त्या भाबड्या नाहीत. पोस्टरवरचा मार्ली धुराच्या वलयात हरवलेला, निवांत, जगाची फिकीर नसलेला असतो. मॉरिसच्या आठवणीतला मार्ली भल्या पहाटे उठणारा, बायबल वाचणारा, तालमीत कुणाची गय न करणारा आणि मोकळा वेळ मिळाला की फुटबॉल खेळणारा आहे. त्याच्यासोबत दौरे केलेल्या इतरांच्या सांगण्यातही हाच मार्ली येतो.

नाइन माइल ते लंडन

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकाच्या सेंट अ‍ॅन परगण्यातल्या नाइन माइल या डोंगराळ खेड्यात झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. वडिलांचा सहवास त्याला नावापुरताच मिळाला. आईसोबत तो राजधानी किंग्स्टनमधल्या ट्रेंच टाउन या गरीब वस्तीत आला. तिथे पीटर टॉश आणि बनी लिव्हिंग्स्टन यांच्याशी त्याची गट्टी जमली आणि १९६३ मध्ये ‘वेलर्स’ हा चमू उभा राहिला. त्या काळात जमैकाचे लोकप्रिय संगीत झपाट्याने बदलत होते. वेगवान ‘स्का’ची लय उतरून ‘रॉकस्टेडी’ आले आणि १९६८ च्या सुमारास ‘रेगे’ रूढ झाले. रेगेत गिटारचा ठोका सम सोडून आडजागी पडतो आणि गाणे पेलते बास गिटार. सूर संथ असला तरी शब्द पुष्कळदा भूक, पोलीस, गुलामगिरीचा इतिहास आणि मुक्ती यांविषयी असतात.

मार्लीने रास्ताफारी पंथ स्वीकारला होता. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी याला देवाचा अवतार मानणारा हा पंथ आफ्रिकेला मायभूमी मानतो. जटा राखणे हा त्याच्या आचाराचा भाग आहे आणि गांजा त्यात प्रसादासारखा मानला जातो. जमैकात गांजाचे रोप आणि तो ओढण्याची चाल नेली ती १८४५ पासून तिथल्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांनी, असे अभ्यासक सांगतात.

वेलर्सचे जमैकात नाव होते, पण पैसा नव्हता. १९७२ मध्ये लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सचा मालक ख्रिस ब्लॅकवेल याने चार हजार पौंडांच्या उचलीवर त्यांना एक पूर्ण आल्बम करायला सांगितले. कराराच्या कागदाआधीच पैसे हातात पडले होते. त्यातून तयार झालेला ‘कॅच अ फायर’ एप्रिल १९७३ मध्ये बाजारात आला. पहिले वेष्टन झिपो लायटरच्या आकाराचे होते. वरचा भाग उचलला की आतून पुठ्ठ्याची ज्योत दिसे. ते हाताने जुळवावे लागे आणि खर्च परवडत नव्हता. वीस हजार प्रतींनंतर ते बंद झाले आणि पुढच्या आवृत्त्यांवर एस्थर अँडरसनने काढलेले मार्लीचे छायाचित्र आले: हातात जाडजूड विडी, नजर थेट समोर. आधी एक गमतीची वस्तू आणि मग एक चेहरा, अशा क्रमाने वेलर्स पाश्चात्त्य गिऱ्हाइकासमोर आले. या बदलाने मार्लीचा चेहरा चमूच्या पुढे गेला, तो कायमचाच. टॉश आणि बनी वर्षभरात बाहेर पडले त्याच्या अनेक कारणांतले हे एक.

डाल्स्टनमधली डार्करूम

डेनिस मॉरिसचा जन्म १९६० चा, जमैकातला. लहानपणीच तो पूर्व लंडनमधल्या डाल्स्टन भागात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या कामगारांची ही वस्ती. रेल्वे, बस, इस्पितळे यांना मनुष्यबळ हवे होते म्हणून ही माणसे आली; पण भाड्याने खोली मागायला गेली की दारे बंद होत. त्यांच्या मुलांना रस्त्यात अडवून झडती घेण्यासाठी पोलीस १८२४ सालच्या भटकेगिरीविरोधी कायद्याचा आधार घेत. तो भाग १९८१ मध्ये रद्द झाला.

मॉरिस सेंट मार्क्स चर्चच्या गायनवृंदात होता. या वृंदातल्या मुलांसाठी फोटोग्राफीचा क्लब चाले आणि त्याला डोनाल्ड पॅटरसन या माणसाचा आश्रय होता. पॅटरसन डार्करूमचे साहित्य बनवणारे उद्योजक. फिल्म धुण्याच्या त्यांच्या टाक्या जगभरच्या हौशी छायाचित्रकारांच्या परिचयाच्या आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मॉरिसने लाल दिव्याखालच्या रसायनात कोऱ्या कागदावर चित्र उमटताना पाहिले आणि त्याला या कामाचे वेड लागले. बरोबरीची मुले फुटबॉल खेळत आणि हा कॅमेरा घेऊन हिंडे, म्हणून वस्तीत त्याला ‘मॅड डेनिस’ म्हणत.

अकराव्या वर्षी त्याच्या कॅमेऱ्यात पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या समर्थकांचा लंडनमधला मोर्चा सापडला. तो फोटो ‘डेली मिरर’च्या पहिल्या पानावर छापून आला आणि त्याचे सोळा पौंड मिळाले. वस्तीतले बाप्तिस्मे, वाढदिवस, कुटुंबांचे फोटो यांतूनही फिल्मचा खर्च निघे. रॉबर्ट कापा, डॉन मॅककलिन आणि गॉर्डन पार्क्स यांची कामे तो पुस्तकांत पाहत होता. युद्धाचा छायाचित्रकार व्हायचे त्याच्या मनात होते. शाळेतल्या नोकरीमार्गदर्शकाने त्याला सांगितले की काळा माणूस छायाचित्रकार असल्याचे ऐकिवात नाही, तेव्हा वस्तुस्थितीला धरून काहीतरी निवड. पोराने उत्तरादाखल गॉर्डन पार्क्सचे नाव घेतले. पार्क्स अमेरिकेत ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काम करणारा कृष्णवर्णीय छायाचित्रकार होता.

स्पीकईझीच्या दारात

मे १९७३ मध्ये वेलर्स ब्रिटनच्या दौऱ्यावर होते. लंडनमध्ये त्यांचे कार्यक्रम मार्गारेट स्ट्रीटवरच्या स्पीकईझी क्लबमध्ये ठरले होते. संगीतक्षेत्रातल्या लोकांचा हा रात्री उशिरापर्यंत चालणारा अड्डा. ‘कॅच अ फायर’ ऐकून मॉरिस भारावला होता. शाळेला दांडी मारून तो सकाळीच क्लबच्या दारात जाऊन उभा राहिला. रात्रीच्या कार्यक्रमाची मंडळी सकाळी येत नसतात, हे त्याला माहीत नव्हते. तो कॅमेरा घेऊन दुपारपर्यंत तिथेच थांबला. वेलर्स ध्वनिव्यवस्था तपासायला आले तेव्हा त्याने मार्लीला गाठून फोटो काढू का, असे विचारले. मार्ली त्याला आत घेऊन गेला.

तालमीच्या मधल्या वेळात प्रश्न दोन्हीकडून झाले. मॉरिसला जमैकाविषयी जाणून घ्यायचे होते, कारण जन्म तिथला असला तरी वाढ इंग्लंडमधली. मार्लीला जाणून घ्यायचे होते की इंग्लंडमध्ये काळ्या मुलाचे आयुष्य कसे असते. त्याची गाणी ज्या श्रोत्यांपर्यंत पोचायला हवी होती त्यांतलाच एक श्रोता समोर उभा होता, आणि त्याची विचारपूस करायला मार्लीला वेळ होता. बोलता बोलता त्याने पुढच्या दौऱ्याविषयी सांगितले आणि सोबत येतोस का, असे विचारले.

दुसऱ्या दिवशी मॉरिसने खेळाच्या तासाला नेतात ती पिशवी भरली, शाळेत जात असल्याचा देखावा करून घर सोडले आणि वेलर्सचे हॉटेल गाठले. बाहेर व्हॅन उभी होती. तो मागे चढला. पुढे बसलेल्या मार्लीने मान वळवून तयार आहेस ना, असे विचारले आणि मॉरिसने त्याच क्षणी बटण दाबले. मार्ली हसतो आहे, त्याच्यामागे वाहनाच्या काचेतून उजेड येतो आहे. ‘बॅबिलॉन बाय व्हॅन’ या नावाने हे छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले. रास्ताफारींच्या बोलीत बॅबिलॉन म्हणजे जुलमी सत्ता, गोऱ्यांचे जग. १९७८ मध्ये मार्लीचा ‘बॅबिलॉन बाय बस’ हा आल्बम आला.

दौरा हलाखीचाच होता. बास गिटारवर अ‍ॅस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट, ड्रमवर त्याचा भाऊ कार्लटन, कळफलकावर अर्ल लिंडो आणि गाणारे तिघे अशी सहा माणसे, शिवाय सामान, एकाच गाडीतून गावोगाव फिरत. राहण्याची ठिकाणे स्वस्तातली, जेवण मनाजोगते नाही. इंग्लंडची थंडी या मंडळींना मानवत नव्हती. ही तंगी मॉरिसच्या छायाचित्रांत दिसते: जाड कोट, लोकरी टोप्या, कंटाळलेले चेहरे, मध्येच कुणाच्या तरी विनोदावर फुटलेले हसू. जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोंत यातले काही येत नाही, कारण जाहिरातवाले त्या गाडीत नव्हते.

मॉरिसच्या आठवणींत मार्ली वडीलभावासारखा येतो. तो उपदेश फारसा करत नसे. सगळ्यांत आधी उठायचा, सगळ्यांत शेवटी झोपायचा. एखादी चाल मनासारखी उतरेपर्यंत तीच तालीम पुन्हा घ्यायचा. ज्या मुलाला शाळेत ‘तुझ्यासारख्याचे हे काम नाही’ असे सांगितले गेले होते, त्याला मार्लीने हे तुझे काम आहे की नाही असे कधी विचारलेच नाही. त्याने सरळ गाडीत जागा दिली. आपल्याला काय मिळाले असे विचारले की मॉरिस याच विश्वासाविषयी बोलतो.

कमी उजेडातले काम

त्या काळातले मैफलीचे छायाचित्रण कसे चाले हे समजले की या फोटोंचे मोल कळते. कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म, एका रिळात ३६ फोटो. प्रत्येक रिळाला पैसे पडत, त्यामुळे अंदाधुंद बटण दाबणे परवडत नसे. क्लबमधला प्रकाश अपुरा. कृष्णधवल फिल्मची संवेदनक्षमता साधारण ४०० एएसए; ती १६०० समजून फोटो काढायचे आणि मग डार्करूममध्ये विकसनाची वेळ वाढवून कसर भरून काढायची, ही सर्रास रीत होती. त्याची किंमत म्हणजे चित्रात रवाळ कण उठून दिसत आणि सावल्यांमधला तपशील जाई.

मार्लीच्या बाबतीत आणखी अडचणी होत्या. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. मागे काळा पडदा असला की तो जास्त प्रकाश घ्यायला सांगतो आणि दिव्याखालचा चेहरा पांढरा फटक पडतो. समोर झगझगीत दिवा आला की उलटे होऊन गडद वर्णाचा चेहरा काळोखात बुडतो. म्हणून मापकावर भिस्त न ठेवता चेहऱ्यावरचा प्रकाश डोळ्यांनी जोखावा लागे. रेगेच्या मंचावर लाल, पिवळे, हिरवे दिवे असत. लाल दिव्यात कृष्णधवल फिल्मवर त्वचा उजळ येते, तर रंगीत फिल्मवर चेहरा नुसता लालभडक होऊन नाकडोळे सपाट दिसतात.

त्यात मार्ली एका जागी उभा राहत नसे. डोळे मिटून तो गुडघे उंच उचलत जागच्या जागी धावल्यासारखा नाचे आणि जटा चेहऱ्याभोवती उसळत. शटरचा वेग सेकंदाचा साठावा भाग ठेवला तर जटांचा फराटा उमटे. अडीचशेवा ठेवला तर त्या हवेत गोठत, पण तेवढा वेग परवडेल इतका उजेड मंचावर नसे. त्यामुळे गाण्याची घडण माहीत असणे उपयोगी पडे. ध्रुवपदानंतर तो माइकपासून मागे सरणार, बासची चाल आवर्तन घेऊन आली की मान वर करणार, हे ज्याच्या अंगवळणी पडले होते त्यालाच नेमका क्षण मिळे. डाल्स्टनच्या फोर एसेस क्लबात जमैकन साउंड सिस्टिमच्या ठोक्यावर वाढलेल्या मॉरिसला ही लय शिकावी लागली नाही.

लायसियम, १९७५

१७ आणि १८ जुलै १९७५ रोजी लंडनच्या लायसियममध्ये झालेल्या दोन कार्यक्रमांनी मार्लीचे आयुष्य बदलले. टॉश आणि बनी गेलेले होते; आता नाव ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’ असे होते. ऐन उन्हाळ्यातल्या त्या रात्री सभागृह तुडुंब भरले. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओने केले आणि वर्षअखेरीस ‘लाइव्ह!’ हा आल्बम आला. त्यातले ‘नो वुमन, नो क्राय’ ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत २२ व्या क्रमांकापर्यंत चढले.

मॉरिस तिथे होता आणि केट सायमनही. न्यू यॉर्क राज्यातून लंडनला आलेली सायमन संगीत साप्ताहिकांसाठी काम करत होती. त्या रात्री मार्ली तिने पहिल्यांदा पाहिला आणि पुढची सहा वर्षे ती त्याच्या मागावर राहिली. या सुमारास मॉरिसचे मार्लीचे फोटो ‘टाइम आउट’ आणि ‘मेलडी मेकर’ यांच्या मुखपृष्ठांवर झळकले. शाळेला दांडी मारणारा मुलगा सतराव्या वर्षाच्या आत व्यावसायिक छायाचित्रकार झाला होता.

होप रोडचे अंगण

किंग्स्टनमधले ५६, होप रोड हे घर आधी ब्लॅकवेलचे होते. नंतर ते मार्लीचे झाले. ऐसपैस लाकडी बंगला, पुढे आंब्याची झाडे, मागे तालमीची खोली. पंतप्रधानांचे कार्यालय इथून हाकेच्या अंतरावर. अंगणात दिवसभर वर्दळ असे: वादक, रास्ताफारी वडीलधारे, मदत मागायला आलेली ट्रेंच टाउनची माणसे, मुले आणि फुटबॉलचा एक अखंड चाललेला डाव.

१९७६ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने रेगेवरच्या लेखासाठी डेव्हिड बर्नेटला इथे पाठवले. बर्नेट व्हिएतनामहून तावून सुलाखून आलेला वृत्तछायाचित्रकार. १९७३ मधल्या चिलीच्या लष्करी उठावाच्या कामासाठी त्याला आणखी दोघांसह रॉबर्ट कापा सुवर्णपदक मिळाले होते. संगीत हा त्याचा प्रांत नव्हता. म्हणूनच त्याने मार्लीला गायक म्हणून टिपण्यापेक्षा बातमीच्या केंद्रस्थानी असलेला माणूस म्हणून टिपले: पायरीवर गिटार घेऊन बसलेला, बोलता बोलता थांबलेला, ऐकणारा. पुढच्या वर्षी युरोपच्या दौऱ्यातही तो काही दिवस सोबत होता. ही छायाचित्रे २००९ मध्ये ‘सोल रेबेल’ या पुस्तकात एकत्र आली.

१९७६ मध्येच किंग्स्टनमध्ये केट सायमनने काढलेले मार्लीचे हसरे छायाचित्र १९७८ च्या ‘काया’ आल्बमचे मुखपृष्ठ झाले. एड्रियन बूट तर जमैकात शिक्षक म्हणून आलेला आणि तिथेच कॅमेऱ्याकडे वळलेला. किम गॉटलिब-वॉकरचा पती आयलंडच्या लॉस एंजेलिस कचेरीत प्रसिद्धी सांभाळत असे. त्यामुळे १९७५-७६ मध्ये तिला मार्लीसह अनेक जमैकन कलावंत जवळून टिपता आले.

या सगळ्यांना अंगणात यायला कुणी अडवले नाही. आज मोठ्या गायकांच्या बाबतीत पहिल्या तीन गाण्यांनंतर छायाचित्रकारांना बाहेर काढतात आणि प्रत्येक फोटो प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो. होप रोडवर अशी चाळणी नव्हती. मार्लीला कॅमेऱ्यासमोर बसवून घेणे अवघड होते, तो ठरवलेल्या वेळेला हमखास सापडेल याचा भरवसा नसे. पण जो थांबून राही त्याला तो आपल्या दिवसात सामावून घेई.

लंडनमधला मुक्काम

हे उघडे दार एकदा जिवावर बेतले. डिसेंबर १९७६ मध्ये जमैकात निवडणूक तोंडावर होती आणि दोन पक्षांच्या सशस्त्र टोळ्या किंग्स्टनच्या वस्त्यांत एकमेकांना भिडत होत्या. ३ डिसेंबरच्या रात्री बंदूकधाऱ्यांनी होप रोडच्या घरात घुसून गोळीबार केला. मार्लीच्या छातीला आणि दंडाला जखम झाली. पत्नी रीटाच्या डोक्याला गोळी लागली, व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाला. दोन दिवसांनी मार्लीने ‘स्माइल जमैका’ हा मोफत कार्यक्रम केला आणि मग देश सोडला.

१९७७ मध्ये तो लंडनच्या चेल्सी भागात ओकली स्ट्रीटवर राहिला. ‘एक्झोडस’ आल्बम इथेच झाला आणि जूनमध्ये बाजारात आला. ‘काया’मधली बरीच गाणीही त्याच मुक्कामात मुद्रित झाली. मॉरिस आता त्याच शहरात, हाकेला ओ देणारा. दिवस ठरलेला असे: दुपारपर्यंत बॅटरसी पार्कात फुटबॉल, मग स्टुडिओ, आणि काम पहाटेपर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात रेनबो थिएटरमध्ये झालेले कार्यक्रम मॉरिससह अनेकांनी टिपले.

याच वर्षी मॉरिसच्या कामाला दुसरा फाटा फुटला. ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक चमूचा गायक जॉनी रॉटन रेगेचा भक्त होता. मार्लीचे फोटो कुणी काढले हे त्याला माहीत होते. त्याच ओळखीवर त्याने मॉरिसला आपल्या चमूसोबत बोलावले. पंक आणि रेगे यांचे त्या काळच्या लंडनमध्ये एकमेकांत जे मिसळणे चालले होते त्यावर मार्लीने ‘पंकी रेगे पार्टी’ हे गाणे केले. ते घडत असताना दोन्हीकडे वावरणारा एक कॅमेरा मॉरिसचा होता.

शेवटची वर्षे

१९७७ च्या दौऱ्यात पॅरिसमध्ये फुटबॉल खेळताना मार्लीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मार बसला आणि नख निघाले. जखम भरेना तेव्हा तपासणीत त्वचेच्या कर्करोगाचे, मेलानोमाचे, निदान झाले. अंगठा कापून टाकण्याचा सल्ला त्याने नाकारला. शरीराला छेद देणे त्याच्या श्रद्धेत बसत नव्हते. मायामीत शस्त्रक्रिया करून त्वचारोपण झाले आणि अमेरिकेतले कार्यक्रम रद्द झाले.

२२ एप्रिल १९७८ रोजी तो किंग्स्टनच्या ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’साठी परतला. गाता गाता त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा यांना मंचावर बोलावले आणि दोघांचे हात आपल्या हातांत एकत्र धरून उंचावले. दोन अवघडलेले पुढारी आणि मध्ये मार्ली, हे जमैकाच्या राजकीय इतिहासातले सर्वांत ओळखीचे छायाचित्र. टोळीयुद्ध त्याने थांबले नाही. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मारली गेली. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्ली गायला.

त्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. कर्करोग मेंदूपर्यंत पोचला होता. दोन दिवसांनी, २३ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. पुढचे काही महिने तो जर्मनीतल्या बव्हेरियात डॉ. योसेफ इसेल्स यांच्या उपचारांखाली होता. मायदेशी निघाला असताना मायामीत त्याचे निधन झाले. २१ मे १९८१ रोजी किंग्स्टनमध्ये शासकीय इतमामात निरोप देऊन त्याला नाइन माइलमध्ये दफन करण्यात आले. केट सायमनने ती अंत्ययात्राही टिपली.

मॉरिसची पुढची वाट

मॉरिस संगीताच्या जगात राहिला, पण फक्त कॅमेऱ्यामागे नाही. रॉटनने जॉन लायडन या मूळ नावाने ‘पब्लिक इमेज लिमिटेड’ हा नवा चमू काढला तेव्हा त्याचे बोधचिन्ह मॉरिसने केले. १९७९ मधला त्यांचा ‘मेटल बॉक्स’ आल्बम चित्रपटाच्या रिळाच्या गोल डब्यासारख्या पत्र्याच्या डब्यातून विकला गेला, त्यामागेही तोच. मारियान फेथफुलच्या ‘ब्रोकन इंग्लिश’चे निळे मुखपृष्ठ त्याचे आहे. आयलंडमध्ये कलादिग्दर्शन करताना त्याने कवी लिंटन क्वेसी जॉन्सनला कंपनीत आणण्यात हातभार लावला, आणि ‘बेसमेंट ५’ या चमूत स्वतः गायला.

संगीताबाहेरचे त्याचे काम तितकेच मोलाचे आहे. हॅकनी-डाल्स्टनमधल्या कॅरिबियन कुटुंबांवरचे ‘ग्रोइंग अप ब्लॅक’ आणि १९७० च्या दशकातल्या, लंडनमधल्या साउथॉलच्या शीख वस्तीवरचे छायाचित्रण हे ब्रिटनमधल्या स्थलांतरितांच्या रोजच्या जगण्याचे दस्तऐवज आहेत. साउथॉलमध्ये तो परका होता. तरी घरात, गुरुद्वाऱ्यात, लग्नात त्याला शिरकाव मिळाला. आधी माणसांमध्ये वावरायचे, मग कॅमेरा उचलायचा, ही रीत मार्लीसोबतच्या आणि साउथॉलमधल्या दोन्ही फोटोंत दिसते.

चेहऱ्याचा बाजार

मार्लीचे आज सर्वाधिक पाहिले जाणारे छायाचित्र म्हणजे १९८४ च्या ‘लेजंड’ या निवडक गाण्यांच्या संग्रहाचे मुखपृष्ठ. एड्रियन बूटने काढलेल्या त्या फोटोत मार्लीचा हात ओठांपाशी आहे, मुद्रा विचारमग्न. आयलंडचा तेव्हाचा प्रमुख डेव्ह रॉबिन्सन याने हा संग्रह गोऱ्या मध्यमवर्गीय श्रोत्याला बिचकवणार नाही अशा बेताने रचला. बंडाची गाणी कमी, प्रेमाची जास्त, आणि चित्रही शांत. संग्रहाच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. पोस्टर, टी-शर्ट आणि मगवरचा सौम्य मार्ली तिथून पसरला. तो खोटा नाही. पण हजारो फोटोंतून एकच भाव वेचून घेतला की माणूस अर्धाच उरतो.

या बाजारात हक्काचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. फोटोचा स्वामित्वहक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्यानुसार मात्र पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काढवून घेणाऱ्याकडे जाई; १९८८ च्या कायद्याने तो छायाचित्रकाराकडे आला. कुणाच्या सांगण्यावरून न जाता केलेल्या कामाला त्या काळी असलेले महत्त्व यावरून ध्यानात येते. पण फोटोचा हक्क म्हणजे चेहऱ्याचा हक्क नव्हे. मार्लीच्या मुलांच्या कंपनीने एव्हेला या अमेरिकी कंपनीवर खटला भरला होता. एव्हेलाकडे छायाचित्रकाराकडून रीतसर मिळवलेले फोटो होते आणि त्यांवरून छापलेले टी-शर्ट मोठ्या दुकानांत विकले जात होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल मार्ली कुटुंबाच्या बाजूने कायम ठेवला: असा माल कुटुंबाच्या संमतीने निघाला आहे अशी ग्राहकाची दिशाभूल होते.

होप रोडचे घर १९८६ पासून बॉब मार्ली संग्रहालय आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये जमैकाच्या रेगेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. गोव्यात २०१६ पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव भरू लागला. किनाऱ्यावरच्या दुकानांत मार्लीचा चेहरा त्याच्या कितीतरी आधी येऊन लटकला होता. मॉरिसचे मार्लीवरचे काम ‘बॉब मार्ली: अ रेबेल लाइफ’ या पुस्तकात आहे. त्याच्या एकूण कारकिर्दीचे प्रदर्शन २०२५ मध्ये पॅरिसच्या युरोपीय छायाचित्रण संग्रहालयात आणि मग लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत भरले. व्हॅनमधला मार्ली, डाल्स्टनमधली कुटुंबे आणि साउथॉलचे शीख तिथे एकाच छायाचित्रकाराचे काम म्हणून पाहायला मिळाले. मार्लीला टी-शर्टवरून ओळखणाऱ्याने ही छायाचित्रे पाहिली तर रोज तालीम करणारा, थंडीने कुडकुडणारा, खेळताना धापा टाकणारा एक कष्टाळू वादक-गायक त्याला भेटतो.